उथळ खाडीत शिरायचं असेल तर वाऱ्याआधी तिथी बघा

गंगापूर धरणावर शिडाची बोट शिकलेल्या माणसाला वारा कळतो. शीड कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं, येणारी झुळूक पाण्यावर कशी दिसते, हे हाताला बसलेलं असतं. पण धरणाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही, हे तर शाळेपासून पाठ आहे. तरीही किनाऱ्यालगतचा पहिला लांब पल्ला आखायला बसलं की आपण सुरुवात वाऱ्यापासूनच करतो. माझा हात अजूनही आधी वाऱ्याच्या अंदाजाकडे जातो आणि मला तो मुद्दाम मागे घ्यावा लागतो. नाशिकहून मुंबई-अलिबागकडे जाऊन मोठ्या बोटीवर शिकू पाहणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहितोय.

ड्राफ्ट म्हणजे काय (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते), भरतीचं कोष्टक कसं वाचायचं, हे कोर्समध्ये झालेलं असतं. एवढंच सांगतो की नकाशावर ज्या आकड्याखाली रेघ असते ती जागा ओहोटीला उघडी पडते. तो आकडा भरतीच्या उंचीतून वजा करायचा, उरतं ते तिथलं पाणी. थकलेल्या डोक्याने या वजाबाकीची बेरीज होते, म्हणून तोंडी हिशोब करू नका, कागदावर लिहा.

आता सापळा. नाशिकचा माणूस तारीख ठरवतो ती सुट्टी बघून. शुक्रवारी रात्री कसारा घाट उतरायचा, शनिवारी सकाळी आठला बोट सोडायची, उजेड आहे तोवर पोचायचं. त्यात कोणीतरी सांगतं, पौर्णिमा धरा, उधाणाची भरती असते, खाडीत भरपूर पाणी मिळतं, रात्री चांदणंही. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण मुंबईच्या किनाऱ्यावर हाच सल्ला बोट गाळात बसवतो.

मुंबईला पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती येते ती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमाराला. कोळीवाड्यात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तास-अर्ध्या तासाचा फरक पडेल, पण चित्र पक्कं. म्हणजे उधाणाच्या दिवशी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहा या वेळा कायम तळाच्या ओहोटीच्या. आपण निघतो आणि पोचतो तेव्हाच्याच!

गोल आकडे घेऊ. अलिबागच्या दक्षिणेला एक खाडी समजा, तोंडावर वाळूचा उंचवटा, नकाशावर तो ०.३ मीटर उघडा पडणारा. बोटीचा ड्राफ्ट १.६ मीटर, खाली ०.६ मीटर मोकळं पाणी हवं. म्हणजे भरतीची उंची किमान २.५ मीटर हवी. उधाणाला ओहोटी ०.६ आणि भरती ४.४ धरा. ओहोटी ते भरती या फरकाचे बारा भाग करा, बारा भागांच्या नियमाने पाणी पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. सहाला ०.६ असलेलं पाणी नऊला २.५ होतं, बाराला ४.४, आणि उतरताना तीनला पुन्हा २.५. म्हणजे खाडीत शिरायचं दार उघडं सकाळी नऊ ते दुपारी तीन. अंतर तीसएक सागरी मैल, वेग साडेचार नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), आठला निघालात तर पोचता पावणेतीनला. वारा अर्धा तास पडला की दार बंद. तेही अशा वेळी, जेव्हा पाणी सर्वांत जोरात उतरत असतं. एकदा बोट बसली की दर मिनिटाला आणखी बसते. शिवाय दुपारचे खारे वारे आत येताहेत आणि ओहोटी बाहेर, त्यामुळे तोंडावर लाटा उभ्या राहतात.

आता भांगाचा दिवस घ्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तो, अष्टमीच्या आसपास. भरती सहाला, उंची फक्त ३.२. ओहोटी बाराला, पण ती १.९ पर्यंतच उतरते. मध्यावर, म्हणजे दुपारी तीनला, २.५५. आठला निघालेली तीच बोट पावणेतीनला तोंडाशी येते, पंधरा मिनिटं बाहेर थांबते आणि दार उघडतं, रात्री नऊपर्यंत उघडंच राहतं. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो, म्हणून कामाचे तास तीनच, पण ते चढत्या पाण्यातले. टेकली तरी पाणीच उचलून देतं. सकाळी निघतानाही सहाला भरती झालेली असते, ओहोटी मुंबई बंदरातून बाहेर ढकलते. कमी भरतीचा दिवस आपल्या घड्याळाला जास्त जुळतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात उतरायला फार वेळ लागला. आकडे तोंडपाठ होते, पण घड्याळाशी त्यांची सांगड कोणी घालून दिली नव्हती.

यातही अष्टमी ते दशमी धरा, षष्ठी नको. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी दर भरती आदल्या भरतीपेक्षा वर येत जाते. कुठे अडकलात तर पुढची भरती मदतीला येते. उलट पौर्णिमेनंतर उधाण ओसरत असताना भरतीच्या अगदी माथ्यावर बोट रुतली, तर तेवढं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागू शकतो. हे घाबरवायला सांगत नाही. पण बॉसला काय सांगणार, ते तेव्हा सुचत नाही.

पाऊणपटीचं गणित मुंबईचं आहे, हे विसरू नका. भरती या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर येते. रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते आणि तिथला चढउतारही बराच कमी. तारीख निवडायला पंचांग, आत शिरायला सर्वे ऑफ इंडियाचं भरतीचं कोष्टक आणि त्या बंदरासाठी वेळेत-उंचीत करायचा फरक. मोबाइलवरचा आलेख बघायला माझी हरकत नाही, पण शिकताना त्याच्यावर विसंबू नका. रेघ गुळगुळीत दिसते, ती कोणत्या बंदराची आहे हे बघायचं राहून जातं.

शिकवणाऱ्यांबद्दलही बोलतो. जो उत्तर सांगून मोकळा होतो त्याच्याकडे शिकू नका. ‘अडीच कुठून आले?’ असं विचारून तुमचा कागद परत करणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. आणि खाडीच्या तोंडाबद्दल शेवटचा शब्द तिथल्या तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा. पावसाळ्यात वाळू सरकते, नकाशा मात्र जुनाच असतो. धक्क्यावर जाऊन ‘काका, यंदा वाट कुठून आहे?’ एवढं नीट विचारलं की माणसं हाताने दाखवतात, बांबू कुठवर बुडतो तेही सांगतात. डोलीची जाळी (पाण्यात एका जागी बांधून ठेवलेली) कुठे लावलीयत तेही तेव्हाच विचारून घ्या, अंधारात ती दिसत नाहीत.

पोहता येत असेल आणि गंगापूरवर बोट सरळ नेता येत असेल, तर बाकीचं सगळं शिकता येतं, खरंच. बोट घेण्याआधी एक रविवार मात्र द्या. उधाणाच्या दिवशी मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्याला पायऱ्यांवर जाऊन बसा. दर तासाला पाण्याच्या कडेला खडूने रेघ मारा. पहिल्या तासाची रेघ जेमतेम सरकते, तिसऱ्या-चौथ्या तासाला पायऱ्या भराभर गडप होतात. जमलं तर ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जा. ज्या वाळूवरून चाललात तिथेच काही तासांनी बोट लागते, हे पायाला कळलं की नकाशावरचा रेघेचा आकडा वेगळा दिसायला लागतो.

परतीचा हिशोब वेगळा मांडा. हिवाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर. तेच तीस मैल नागमोडी जाऊन पंचेचाळीसही होतात. पहाटेचे मतलई वारे वापरायचे तर लवकर निघा, पण आतून बाहेर पडायचं दारही तपासा: अष्टमीला ते पहाटे तीन ते सकाळी नऊ. सहाला, भरतीच्या माथ्यावर, नांगर उचललेला असावा. आणि सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा, रविवारी रात्री नाशिक गाठायचंच म्हणून कोणतीही खाडी सोडू नका.