जुन्या बसच्या खाली काम शिकायचं असेल तर

आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, एसटीच्या डेपोत अप्रेंटिसशिप झाली आणि पुढे लंडनच्या एका बस गॅरेजात नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी मी जुन्या बस जपणाऱ्या एका गटाबरोबर काम करतो. सध्या हातात आहे ती एईसी या ब्रिटिश कंपनीची आरटी, लंडनची लाल दुमजली बस. इकडे नव्याने आलेली आपली मुलं विचारतात की या कामात शिरायचं कसं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी इंजिनाकडे धावू नका. ९.६ लिटरचं ते डिझेल इंजिन सगळ्यांनाच आवडतं, त्यामुळे त्याच्याभोवती कायम गर्दी. नवख्याच्या वाट्याला तिथे पाने पुसून देणंच येतं. चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, मात्र माणूस नेहमी कमी पडतो. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक असं सगळं तिथे हाताखालून जातं, आणि साडेसात टनांची गाडी वळते-थांबते ती त्यांच्याच भरवशावर.

गाडीची ओळखही आधी नीट समजून घ्या. १९३९ ते १९५४ या काळात पावणेपाच हजारांहून जास्त आरटी बांधल्या गेल्या आणि शेवटची १९७९ च्या एप्रिलमध्ये सेवेतून गेली. ओव्हरहॉलला या गाड्या लंडन ट्रान्सपोर्टच्या आल्डनहॅमच्या वर्कशॉपमध्ये जायच्या. तिथे बॉडी उचलून चासी वेगळी करायचे आणि परत जोडताना दुसरीच तयार बॉडी बसवायचे. त्यामुळे आज समोर उभ्या असलेल्या गाडीची चासी आणि बॉडी एकाच वेळी बनलेल्या असतीलच असं नाही. जुनी कागदपत्रं आणि चासीवरची प्लेट ताडून पाहिल्याशिवाय पार्ट मागवू नका.

पाना हातात घेण्याआधी मापं घ्या. आमच्या शेडमध्ये बॉडी उतरवायची सोय नाही, तरी चासी सरळ आहे का हे कळतं. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चारही कोपऱ्यांतल्या पाट्यांच्या एकेका हँगरपासून (पाटा चासीला जिथे टांगलेला असतो तो भाग) ओळंबा सोडायचा आणि टोक टेकेल तिथे खडूने फुली मारायची. गाडी बाजूला ढकलली की फरशीवर चार फुल्या राहतात. तिरक्या समोरासमोरच्या फुल्यांमध्ये दोरी ताणून पाहायची, आधी एका जोडीत, मग दुसऱ्या. दोन्ही मापं जुळली तर बरं, नाही जुळली तर कुठेतरी मार बसलेला आहे. मग रिव्हेट पाहायचे. डोक्याभोवती तांबूस रेघ ओघळलेली दिसली तर तो रिव्हेट बहुधा ढिला असतो. एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका द्या, हलत असेल तर बोटाला लगेच कळतं.

किंगपिनची तपासणी दोघांनी करायची. पुढचा एक्सल उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर कधीही नाही, मग कितीही घाई असो. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन-बुशचा. ही एक परीक्षा नीट जमली की जुनी माणसं तुम्हाला बोलावून घ्यायला लागतात.

पाटा खोलताना सेंटर बोल्ट कापण्याआधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प घट्ट आवळा. पाट्याची पानं, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पट्ट्या, ताणात असतात, मोकळी सुटली तर हात जायचा. प्रत्येक पानावर खूण करून ठेवा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. आपल्याकडे ड्रम उघडला की हवेची नळी मारायची सवय आहे, ती इथे सोडायची. ओलं फडकं आणि योग्य मास्क, एवढं पाळाच. भाड्याने प्रवासी न नेणाऱ्या इतक्या जुन्या बसला ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतून सूट मिळते, म्हणून ब्रेकची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते.

मागच्या एक्सलला वर्म ड्राइव्ह आहे, म्हणजे स्क्रूसारखा गिअर दात्यांचं चाक फिरवतो, आणि ते चाक, वर्म व्हील, ब्राँझचं. बाजारातलं कुठलंही ईपी (जास्त दाबासाठीचं) गिअर ऑइल ओतू नका. काही तेलांतली गंधकाची रसायनं ब्राँझ खातात. डब्यावर पिवळ्या धातूंसाठी (ब्राँझ, पितळ) चालेल असं लिहिलेलं असेल तरच घ्या. पुस्तकी वाटेल, पण खराब झालेलं वर्म व्हील सहज मिळत नाही.

पाने जुन्या ब्रिटिश मापाचे लागतात, बीएसएफ आणि व्हिटवर्थ या आट्यांच्या नटांचे. मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आमच्या गाडीच्या डाव्या चाकांना उलटे आटे आहेत, तिथे जोर लावण्याआधी नट बघा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. गटात काम बिनपगारी असतं आणि पगारी जागा देणारे रेस्टोरेशनवाले मोजकेच. पण गॅरेजच्या मुलाखतीत हे काम फोटोंसह दाखवता येतं. गट लोकांसाठी शेड उघडतात त्या ओपन डेला जा, ‘खाली काय काम अडलंय?’ एवढंच विचारा आणि पुढच्या शनिवारी जुने कपडे घालून हजर व्हा.

गाडी रस्त्यावर काढाल तेव्हा पाच-सहा मैलांवर थांबा आणि हबजवळ हात नेऊन ऊब पाहा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. परतल्यावर यू-बोल्ट (पाटा एक्सलला धरणारे) आणि चाकांचे नट पुन्हा टाइट करा. नवे पाटे बसले की यू-बोल्ट हमखास थोडे ढिले होतात.