जुने खटले आणि नमुना २६: उमेदवारांनो, या चुका टाळा

विधानसभा किंवा लोकसभेच्या उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, अनेकदा शेवटच्या दिवशी नोटरीसमोर घाईघाईत पुरं होतं. मजकूर मागच्या निवडणुकीच्या शपथपत्रावरून उतरवलेला. गोची तिथेच होते.

सगळ्यात महागात पडणारा समज असा, की दोषारोप निश्चित झाले नसतील तर खटला सांगायची गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३३अ नुसतं वाचलं तर तसं वाटतंही. पण न्यायालयाने दखल घेतलेला खटलाही सांगावा लागतो. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्रात असे दोन खटले नव्हते. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची तक्रार नागपूरला पुढे चालवायला सांगितली. सप्टेंबर २०२३ मध्ये ते निर्दोष सुटले, म्हणजे मध्ये आणखी चार वर्षं गेली. आजच्या नमुन्यात तर एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणे, कलमं, न्यायालय आणि दोषारोप निश्चित झाले की नाही, असे सगळे रकाने वेगळे आहेत.

आपल्याकडे विसरले जातात ते आंदोलनातले गुन्हे. रास्ता रोको, जमावबंदीचा भंग, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १३५ (पोलिसांचा मनाई आदेश मोडणं). कार्यकर्ता असताना नाव आलेलं असतं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं. 'राजकीय गुन्हे शासनाने मागे घेतले' यावरही विसंबू नका. शासन निर्णय निघाला तरी सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाची संमती मिळवेपर्यंत खटला प्रलंबितच असतो. चेक न वटल्याचा खटला दिवाणी समजून सोडून देणारेही कमी नाहीत. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे तो फौजदारीच.

म्हणून अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी, जिथे जिथे राहिलात किंवा आंदोलनं केलीत त्या सगळ्या ठिकाणच्या पोलीस अधीक्षक वा आयुक्त कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन प्रलंबित गुन्ह्यांची माहिती मागा आणि पोच घ्या. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव शोधताना स्पेलिंग बदलून बदलून पाहा. एका अक्षराच्या फरकाने खटला दिसत नाही.

रकाना कोरा सोडू नका, रेघही मारू नका. 'निरंक', 'लागू नाही' किंवा खरोखर माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो.

खटले असतील तर त्यांची माहिती देणारी, सी-१ या ठरलेल्या नमुन्यातली जाहिरात वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा द्यावी लागते: माघारीच्या मुदतीनंतर पहिल्या चार दिवसांत, मग पाचव्या ते आठव्या दिवशी, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. छापील अक्षर किमान १२ पॉइंट हवं. जेमतेम खपाच्या पत्रात आतल्या पानावर ती दडवण्याची युक्ती जुनीच आहे. पण निवडणूक आयोगाला व्यापक खपाचं वर्तमानपत्र हवं असतं, आणि वार्ताहर शपथपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेतातच. या जाहिरातींचा खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जातो. तो आधीच बाजूला काढा.

पक्षालाही सुटका नाही. उमेदवार निवडल्यापासून ४८ तासांत त्याचे खटले आणि निवडीचं कारण जाहीर करावं लागतं. 'निवडून येण्याची क्षमता' एवढं एकच कारण चालत नाही, हे २०२० पासून स्पष्ट आहे.

छाननीत अर्ज वैध ठरला की पेढे वाटतात. पण माहिती खोटी आहे एवढ्यावरून अधिकारी सहसा अर्ज फेटाळत नाही, त्यामुळे वैध ठरणं म्हणजे माहिती खरी ठरणं नव्हे. खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका येऊ शकते, आणि खटले लपवणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण ठरून निवड रद्द होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलेलं आहे. चूक अर्जाच्या मुदतीआधी लक्षात आली, तर शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नवं शपथपत्र देता येतं.