आधी कोण बोलणार? बालरुग्ण वॉर्डात नव्याने येणाऱ्या समाजसेवकांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून इंदूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरुग्ण वॉर्डात रुजू झाले, त्याला आता अकरा वर्षं होतील. दरवर्षी नवी मुलं-मुली शिकायला येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, बालकल्याण समितीचे कागद कसे भरायचे?" (संकटातल्या मुलांच्या देखभालीबद्दल निर्णय घेणारी ही समिती.) कागद भरणं दोन दिवसांत जमतं. मला दोन वर्षं लागली ती वेगळ्या गोष्टीला. एका मुलाभोवती डॉक्टर, सिस्टर, आयाबाई, पोलीस, गावची आशा (सरकारी आरोग्यसेविका) आणि आपण, इतके जण उभे असतात. त्यातल्या कोणी आधी बोलायचं, कोणाशी बोलायचं आणि किती, हे सगळ्यांनी मिळून ठरवायला मी उशिरा शिकले. एका बाळाच्या बाबतीत मी ते चुकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाळ पाच महिन्यांचं, झाबुआ जिल्ह्यातलं. आई आणि आजी गंगवाल बसस्टँडवर उतरून त्याला थेट आमच्याकडे घेऊन आल्या होत्या. न्यूमोनिया होता. या वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त झाला की तो जलद समजतात. याचा सत्तरच्या घरात होता आणि दर श्वासाला फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात होता. सिस्टरनी अंगावरचं फडकं बाजूला केलं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना ओळीने डाग होते, एकेक बोटाच्या पेराएवढा. काही सुकलेले, काही अजून ओले. तापलेल्या सळईचे चटके.

माझा संताप झाला. शेजारच्या खाटांवरच्या बायका ऐकत असताना मी आजीला विचारलं, "हे कोणी केलं?" ती गप्प राहिली. मी तडक रुग्णालयातल्या पोलीस चौकीत गेले. डॉक्टरांना सांगितलं नाही, सिस्टरनाही नाही. अर्ध्या तासात गणवेशातले हवालदार खाटेपाशी येऊन उभे राहिले. त्यांची काही चूक नव्हती, मी बोलावलं म्हणून ते आले. आईने पदर तोंडावर ओढून घेतला.

रात्रीच्या ड्यूटीची सिस्टर आली तेव्हा खाट रिकामी होती. सलाइनची सुई टेपसकट उशीवर नीट काढून ठेवली होती आणि ऑक्सिजनची नळी चालूच होती. केसशीटवर 'लामा' लिहिलं गेलं, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेले. पत्त्यात गावाचं नाव होतं, फळियाचं नव्हतं. भिलांचं एक गाव म्हणजे टेकड्यांवर दूरदूर विखुरलेली कितीतरी फळियं, म्हणजे वस्त्या, त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावर घर सापडत नाही. त्या बाळाचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

नंतरच्या आठवड्यात मी एकेकाशी बोलले, तेव्हा कळलं की प्रत्येकाकडे त्या बाळाबद्दल काहीतरी होतं आणि मी कोणालाच विचारलं नव्हतं.

आमच्या वॉर्डातल्या आयाबाई मूळच्या जोबटच्या, घरी भिलाली बोलतात. त्या म्हणाल्या, "ताई, लेकराची पसली चालायला लागली की पोट वरखाली होतं ना, मग त्यांना वाटतं रोग पोटात आहे. बडवा पोटावरच डाम देतो." पसली चालणं म्हणजे श्वासासरशी फासळ्या आत ओढल्या जाणं, बडवा म्हणजे गावातला पारंपरिक उपचार करणारा आणि डाम म्हणजे चटका. मी हे कुठेच शिकले नव्हते. आपल्याकडेही लहान बाळाच्या न्यूमोनियाला 'पोटात आलं' म्हणतात, हे माझ्या आजीच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं, तरी दोन्ही गोष्टी जुळवल्या नव्हत्या. ज्या बायकांना मी क्रूर समजत होते, त्या आपल्या परीने उपचार करूनच आल्या होत्या आणि तो लागू पडला नाही म्हणून दीडशे किलोमीटरवर आल्या होत्या.

निवासी डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की काही डाग जुने आहेत, म्हणजे चटके दोनदा दिले गेले होते. सिस्टरना माहीत होतं की आई बाळाला अंगावर पाजत होती आणि आजी दुपारपासून जेवली नव्हती. हवालदारांनी सांगितलं, "मॅडम, आम्हाला नाव हवं होतं ते डाम देणाऱ्याचं. आईला घाबरवून आम्हाला काय मिळणार होतं?"

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं असं, की पहिल्या महिन्यात फायली कमी वाचा आणि वॉर्डाचं वेळापत्रक जास्त शिका. निवासी डॉक्टर बदलत राहतात, सिस्टर इनचार्ज वर्षानुवर्षं तिथेच असतात. राउंड चालू असताना डॉक्टरांना अडवू नका, राउंड संपल्यावर दोन मिनिटं मागा आणि दोनच घ्या. दुपारी ड्यूटी बदलताना सिस्टर एकमेकींना खाटांची माहिती देतात, तेव्हा शेजारी गप्प उभं राहण्याची परवानगी घ्या. ती पंधरा मिनिटं मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवून गेली. आयाबाईंना त्यांचं गाव विचारा. मुलाला भरवताना, पुसताना आणि रात्री रडताना त्याच जवळ असतात.

शब्दांचंही भान ठेवा. डॉक्टर 'स्टेबल' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात डिस्चार्ज असतो, आपलं काम मात्र तिथून सुरू होतं. 'हिस्ट्री' म्हणजे डॉक्टरांसाठी आजाराचा क्रम, आपल्यासाठी घराचा. एकदा एका केसशीटवर 'हिस्ट्री क्लिअर' वाचून मी घरची चौकशी झाली असं समजले होते. तेव्हापासून समोरच्याला विचारते, "सर, म्हणजे नक्की काय?" यात कमीपणा काही नाही.

दोन वर्षांनी तसंच दुसरं बाळ आलं, सहा महिन्यांचं, पोटावर तेच डाग. या वेळी खाटेपाशी कोणी एक शब्द काढला नाही. सिस्टर इनचार्जच्या टेबलापाशी आम्ही चौघं दहा मिनिटं उभं राहिलो आणि क्रम ठरवला. आधी ऑक्सिजन आणि इंजेक्शन. डॉक्टर प्रत्येक डागाची जागा, आकार आणि जुना की नवा हे लिहून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करतील. आजीशी त्या दिवशी फक्त आयाबाई बोलतील, तेही चटक्यांबद्दल नाही, जेवणाबद्दल. एमएलसीची खबर चौकीला गेलीच, ती रोखण्याचा प्रश्न नव्हता. पण हवालदारांना मी आधी भेटले, बाळ अजून ऑक्सिजनवर आहे आणि बायका निघून गेल्या तर ते वाचणार नाही, हे सांगितलं. त्यांनी दोन दिवसांनी, साध्या कपड्यात, माझ्या खोलीत बसून आजीचं म्हणणं घेतलं. तिने बडव्याचं नाव स्वतःहून सांगितलं. बालकल्याण समितीलाही आम्ही कळवलं आणि बाळ आईपाशीच ठेवणं योग्य आहे असं सिस्टरच्या नोंदींच्या आधारे लिहिलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये मुलाला क्रूर वागणूक देणं हा गुन्हा आहे. त्या कलमाचा रोख कोणाकडे जावा, हे आमच्यासारख्यांनी नीट माहिती दिली तरच पोलिसांना ठरवता येतं.

पण हा क्रम ठरवण्याचा मोकळेपणा सगळीकडे नसतो, हे तितकंच पक्कं ध्यानात ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय आला की २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि कलम १९ प्रमाणे खबर देणं ज्याला कळलं त्या प्रत्येकाचं स्वतःचं कर्तव्य असतं. पुरावा गोळा होईपर्यंत किंवा वरिष्ठ रजेवरून येईपर्यंत थांबायचं नाही. खबर न दिल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीला कायद्याचं संरक्षणही आहे. वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआरची वाट पाहावी लागत नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करतील. मुलाचा जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा, हेही कायद्यातच आहे. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं.

तरीही तिथे आपल्या हातात एक मोठी गोष्ट उरते: त्या मुलाला किती वेळा सांगावं लागतं. मी एका नऊ वर्षांच्या मुलीला एकाच दिवशी पाच जणांनी तेच विचारताना पाहिलं आहे. अपघात विभागातले डॉक्टर, मग वॉर्डातले, मग सिस्टर, मग मी आणि शेवटी पोलीस. पाचव्या वेळी तिने मान फिरवली आणि भिंतीकडे पाहत राहिली. तेव्हापासून मी जाण्याआधी कोणी काय विचारलं ते वाचते, आणि तपासणीला गरजेचं नसलेलं काहीच विचारत नाही. मुलीने स्वतःहून काही सांगितलं तर तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत लिहायचं. 'पीडितेने आरोप केला' हे आपलं वाक्य झालं, तिचं नव्हे. काय पाहिलं, काय ऐकलं, कोणाकडून, किती वाजता, आणि खाली आपली सही. अंदाज लिहायचाच असेल तर तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहा.

फोटोबद्दल एकच. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मत विचारायला म्हणून चेहऱ्यासकट फोटो टाकलेला मी पाहिला आहे, आणि तासाभरात तो कुठे कुठे पोहोचला तेही. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय आणि पॉक्सो, दोन्ही कायद्यांत मनाई आहे. तुमच्या समोर कोणी फोन काढला तर तिथल्या तिथे थांबवा, समोर कितीही मोठे डॉक्टर असोत.

आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, गावच्या आशाला आणि अंगणवाडी कार्यकर्तीला फोन करा. आईच्या समोर, स्पीकरवर. त्यांना धोक्याची खूण सांगा: श्वास जलद, छाती आत ओढली जाते, अंगावर पीत नाही. आमच्या वहीत आता फळियासाठी वेगळा रकाना आहे.

त्या दुसऱ्या बाळाच्या आशाचा फोन अकराव्या दिवशी आला. लाइन खरखरत होती. ती म्हणाली, बाळ चांगलं पितंय, वजन पाच किलो आठशे भरलं. मागून आजीचा आवाज येत होता. ती काय म्हणते, विचारलं. "म्हणतेय," आशा म्हणाली, "त्या जोबटच्या बाईला सांगा, मी जेवले."