लाकूडतोड्यांची इंग्रजी पोलिशमध्ये नेताना

पोलिश शिकून तांत्रिक भाषांतरात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना मी लाकूडतोडीचं क्षेत्र आवर्जून सुचवते. पोलंडची सुमारे 30 टक्के जमीन वनाखाली आहे आणि त्यातलं बहुतेक जंगल 1924 साली स्थापन झालेली ‘लासी पान्स्त्फोवे’ ही सरकारी संस्था सांभाळते. यंत्रांची मॅन्युअल, सुरक्षा-पुस्तिका, प्रशिक्षणाचे व्हिडिओ असं बरंच काही इंग्रजीतून येतं, आणि त्यात अमेरिकन लाकूडतोड्यांची बोली ठासून भरलेली असते. हे काम जीव लावून करावं लागतं, कारण वाचणारा माणूस चेनसॉ घेऊन झाडाखाली उभा राहणार असतो.

म्हणून आधी क्रिया समजून घ्या, शब्द मग शोधा. ‘बार्बर चेअर’चंच बघा. झाड पुढे खूप झुकलेलं असलं, की मागचा काप (पडण्याच्या उलट बाजूने घेतलेला) पुरा व्हायच्या आतच ते पडू लागतं. खोड बुंध्यापासून उभं चिरत जातं आणि चिरलेला मागचा भाग जोरात मागे उसळतो, नेमका कापणाऱ्याच्या अंगावर. पोलिशमध्ये न्हाव्याची खुर्ची लिहिलीत तर वाचणाऱ्याला धोक्याचा पत्ताच लागणार नाही. तिथे सरळ ‘खोड उभं चिरणं’ असंच लिहायचं.

झाड पडताना त्याला दिशा देणारी, न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी इंग्रजीत ‘हिंज’, म्हणजे बिजागरी. दाराच्या बिजागरीला पोलिशमध्ये ‘झाव्यास’ म्हणतात आणि तो शब्द पुल्लिंगी आहे. जंगलातली मात्र स्त्रीलिंगी, ‘झाव्यासा’. सामान्य शब्दकोशावर विसंबून पुल्लिंगी रूप लिहिलं, की भाषांतर करणाऱ्यानं तोडणीचं पाठ्यपुस्तक उघडलेलं नाही हे जंगलात काम करणारा वाचक पहिल्याच पानावर ओळखतो. अडकून लोंबणाऱ्या फांदीला अमेरिकन ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारी, म्हणतात. सुरक्षा-पुस्तिकेत मी तिथे साधं वर्णन करते. जुन्या कामगाराच्या आठवणी असतील, तर त्या नावातला काळोख राहायलाच हवा.

दुसरी गोष्ट, बोली कुठल्या जंगलातली आहे ते बघा. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची बोली उभ्या डोंगरउतारांवर, अवाढव्य झाडांमध्ये आणि तारदोरांच्या कामात घडली. 1881 साली कॅलिफोर्नियातल्या युरेका इथे जॉन डॉल्बीअर यांनी ओंडके ओढणारं वाफेचं इंजिन तयार केलं. पुढे अशा इंजिनांना शिटीने इशारे देणाऱ्या पोराला ‘व्हिसल पंक’ हे नाव पडलं. सपाटीवरच्या पोलिश पाइनच्या जंगलात असं काम नव्हतंच. ‘सिग्नालिस्ता’ हा शब्द जवळचा वाटतो, पण आजच्या पोलिश बातम्यांत तो गैरव्यवहार उघड करणाऱ्याला वापरतात. त्यांच्या संरक्षणाचा कायदाही 2024 मध्ये झाला. त्यामुळे आसपासच्या वाक्यातून संदर्भ स्पष्ट झाल्याशिवाय तो वापरू नये.

‘जिप्पो लॉगर’ म्हणजे उक्त्यावर काम करणारा छोटा ठेकेदार. आजच्या पोलंडमध्ये वनसेवा देणाऱ्या खाजगी ठेकेदाराला ‘झूल’ म्हणतात. ते तीन शब्दांच्या आद्याक्षरांचं नाव आहे. मजकूर आजचा असेल तरी मला ते चालत नाही, कारण ‘झूल’ म्हटलं की सरकारी जंगलाचा ठेका डोळ्यांपुढे येतो. 1920 च्या सुमाराचा अमेरिकन मजकूर असेल, तर कामगार संघटनेची माणसं ‘जिप्पो’ हा शब्द शिवीसारखा वापरत, तो डंखही आणावा लागतो.

मापांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. झाडाचा छातीच्या उंचीवरचा व्यास अमेरिकेत जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटरवर मोजतात. पोलिश ‘प्येर्श्नित्सा’ 1.3 मीटरवर. बोर्ड फूट हे लाकडाचं अमेरिकन माप. हजार बोर्ड फूट कापलेल्या फळ्या म्हणजे 2.36 घनमीटर, पण ओंडक्यांना हा गुणक लावायचा नाही. स्क्रिब्नरसारखी कोष्टकं ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचा अंदाज देतात. ओंडक्याचं खरं घनफळ त्याहून बरंच जास्त असतं. अशा ठिकाणी मी मूळ आकडा तसाच ठेवते आणि कोष्टकाचं नाव लिहिते.

तयारीसाठी अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेचा लाकूडतोडीचा नियम 1910.266 वाचा, त्यातल्या व्याख्या नेटक्या आहेत. त्याच्या शेजारी वनकामाच्या सुरक्षिततेबद्दलचा 2006 चा पोलिश नियम ठेवा. एकाच चेनसॉचं इंग्रजी आणि पोलिश मॅन्युअल ओळीला ओळ लावून वाचा. शब्दकोशातून न मिळणारं बरंच काही तिथे मिळतं.

काम हाती घेताना ग्राहकाला विचारा: मजकूर कुठल्या देशातला, किती सालचा, आणि पोलिश आवृत्ती वाचणार कोण? आपली मातृभाषा पोलिश नाही, तेव्हा वनक्षेत्र जाणणाऱ्या पोलिश संपादकाकडून मजकूर तपासून घेतल्याशिवाय तो देऊ नका, आणि त्याचं मानधन दर सांगतानाच धरा.