साठाव्या अक्षांशापलीकडे जोडीने ट्रक चालवायचा असेल तर

नवरा-बायकोने मिळून लांब पल्ल्याचा ट्रक चालवणे, आणि तोही कॅनडाच्या उत्तरेकडील हिवाळी रस्त्यांवर, हे खरोखर जमण्यासारखे आहे का, अशी विचारणा ओळखीपाळखीतून आम्हाला वारंवार होते. मी आणि माझा नवरा एडमंटनमध्ये राहतो, वर्षाचे बरेचसे महिने अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या दरम्यान माल नेतो आणि हिवाळ्याच्या ऐन भरात यलोनाइफ या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या राजधानीच्या पुढे गोठलेल्या सरोवरांवर काम करतो. या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. जोडीतला एक जण गाडी चालवत असताना दुसऱ्याला मागच्या बंकवर, म्हणजे केबिनमधल्या झोपायच्या जागेवर, निर्धास्त झोप लागते की नाही, यावर या कामाचे सारे काही अवलंबून असते. ती झोप लागत नसेल, तर कितीही चांगला पगार आणि कितीही हौस असली तरी जोडी फार काळ टिकत नाही.

आधी परवान्याविषयी. भारतातील अवजड वाहनाच्या परवान्यावर इथे थेट क्लास १, म्हणजे ट्रेलर जोडलेला मोठा ट्रक चालवण्याचा परवाना, मिळत नाही. आपल्या आरटीओकडून अनुभवाचा दाखला आणला, तर साध्या गाडीच्या परवान्याचे काही टप्पे लवकर पार पडतात. पण ट्रेलरसाठी प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, एअर ब्रेकची परीक्षा आणि रस्त्यावरची चाचणी यांतून प्रत्येकाला जावेच लागते. २०१८ च्या एप्रिलमध्ये सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्टच्या आइस हॉकी संघाची बस आणि एक ट्रक यांचा भीषण अपघात होऊन १६ जण दगावले, आणि त्यानंतर २०१९ च्या मार्चपासून अल्बर्टा आणि सस्कॅचेवानमध्ये नवख्यांसाठी किमान प्रशिक्षण सक्तीचे झाले. तो ट्रकचालक भारतातून आलेला, जेमतेम शिकून लगेच कामाला लागलेला तरुण होता. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाने ही घटना मन लावून वाचावी, असे मला कळकळीने वाटते. प्रशिक्षणाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात जातो आणि तो दोघांचा धरावा लागतो. एकाने परवाना काढायचा आणि दुसऱ्याने सोबत म्हणून बसायचे, ही जोडी नव्हे. मागे झोपलेल्या माणसाला पुढचा माणूस आपल्याइतकाच तयार आहे याची खात्री असावी लागते, आणि ती परवान्यापासूनच सुरू होते.

परवाना हातात आल्यावर लगेच उत्तरेला जाता येत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. विमा कंपन्या साधारणतः दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. ती वर्षे डोंगराळ रस्त्यांवर घालवावीत, असा माझा सल्ला आहे. होप आणि कॅमलूप्स यांच्यामधला कोकिहाला हायवे हिवाळ्यात जे शिकवतो, ते कोणत्याही वर्गात शिकता येत नाही. चाकांवरच्या साखळ्या अंधारात, वाऱ्यात, हातमोजे न काढता चढवता येऊ लागल्या की मग पुढचा विचार करावा.

याच काळात नवख्यांची सर्वांत जास्त फसवणूक होते, म्हणून इथे थोडे थांबते. नोकरीच्या कागदपत्रांसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरावे; परदेशी कामगाराकडून भरतीचा खर्च वसूल करणे मालकाला कायद्याने मना आहे. दुसरा प्रकार अधिक गोड बोलून केला जातो. स्वतःची कंपनी नोंदवा, आम्ही तुम्हाला पूर्ण रक्कम देऊ, कर कमी भरावा लागेल, असे सांगून चालकाला कंत्राटदार ठरवले जाते. ट्रक मालकाचा, फेऱ्या मालकाच्या, वेळापत्रक मालकाचे, आणि अपघात किंवा आजारपण आले की चालक मात्र एकटा. इथे याला 'ड्रायव्हर इंक' म्हणतात. एका मालकाकडे आम्हीही सुरुवातीला या पद्धतीने काम केले. माझ्या खांद्याला दुखापत होऊन काही आठवडे घरी बसावे लागले, तेव्हा ना सुट्टीचा पगार होता ना कामगार भरपाईचे संरक्षण. दर मैलाला चार सेंट कमी मिळाले तरी चालतील, पण रीतसर नोकरीच धरावी.

आता जोडीचा खरा फायदा. साठाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला एका चालकाला दिवसात १३ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. उत्तरेला ही मर्यादा १५ तासांची आहे. चालवल्याचे तास आपोआप नोंदणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लॉगमुळे यात लपवाछपवी करता येत नाही, आणि करूही नये. एडमंटन ते यलोनाइफ हे अंतर साधारण १,४५० किलोमीटर आहे. एकट्या चालकाला वाटेत मुक्काम करावाच लागतो, दोघे असले तर गाडी जवळजवळ अखंड चालते, आणि तरीही प्रत्येकाला पुरेशी विश्रांती मिळते. जोडीला काम देणाऱ्या कंपन्यांना हेच हवे असते. मात्र चालत्या ट्रकमध्ये झोपण्याची सवय लागायला महिने जातात. सुरुवातीला गिअर बदलला की जाग येते, ब्रेक लागला की जाग येते, आणि नवरा-बायकोच्या बाबतीत तर पुढे बसलेल्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतो की काय, असे वाटते. ही सवय सपाट रस्त्यांवर, उन्हाळ्यातच लावून घ्यावी. आमच्याकडे पहाटेची पाळी नवऱ्याची आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतची माझी, हे शरीराच्या कलाने ठरले आहे, आणि ते आम्ही सहसा मोडत नाही.

मॅकेन्झी हायवे हाय लेव्हल हे गाव सोडून उत्तरेला निघाला की वस्ती विरळ होत जाते. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ मॅकेन्झी नदीवर २०१२ मध्ये डेह चो पूल झाला. त्याआधी तिथे उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरचा रस्ता असे, आणि बर्फ धरण्याच्या व फुटण्याच्या काळात यलोनाइफचा रस्त्याने येणारा माल काही आठवडे बंद पडे. पुलानंतरच्या पट्ट्यात रानगवे रस्त्यावर उभे असतात. गडद रंगाचे, मान खाली घातलेले ते प्रचंड जनावर काळ्या रात्री दिव्यांच्या टप्प्यात अगदी उशिरा दिसते. तिथे वेग कमी ठेवावा, मग फेऱ्या ठरवणारा डिस्पॅचर कितीही घाई करो.

यलोनाइफच्या पूर्वेला टिबिट सरोवरापासून जो हिवाळी रस्ता सुरू होतो, त्याला टिबिट-कॉन्ट्वोयटो रोड म्हणतात. १९८२ पासून तो दर हिवाळ्यात नव्याने बांधला जातो आणि वसंतात वितळून नाहीसा होतो. त्याआधीच्या पिढीत जॉन डेनिसन या माजी पोलिसाने गोठलेल्या सरोवरांवरून ट्रक नेण्याची पद्धत या भागात रुजवली होती. रस्त्याचा सुमारे ८५ टक्के भाग सरोवरांवर आणि उरलेला त्यांच्यामधल्या जमिनीच्या पट्ट्यांवर आहे. त्या पट्ट्यांना पोर्टेज म्हणतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो उघडतो आणि मार्चअखेरीस बंद होतो. या अवघ्या दोन महिन्यांत एकाटी, डायविक आणि गाचो कुए या हिऱ्यांच्या खाणींना वर्षभराचे डिझेल, सिमेंट, स्फोटके आणि यंत्रांचे सुटे भाग पोचवायचे असतात. २००६ चा हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेला माल विमानांनी न्यावा लागला.

बर्फावर भरलेल्या ट्रकचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर असतो आणि काही ठिकाणी १०. नवख्याला हे हास्यास्पद वाटते, पण त्यामागे पक्के कारण आहे. ट्रकच्या वजनाने बर्फ किंचित खाली वाकतो आणि त्याच्याखालचे पाणी लाटेसारखे पुढे सरकते. वेग वाढला तर ती लाट मोठी होते, किनाऱ्याला आपटून परतते आणि बर्फाला खालून फोडते. म्हणून पोर्टेजजवळ येताना आणि सरोवरावर उतरताना सर्वांत सावकाश जायचे. ट्रक तीन-चारच्या ताफ्याने सोडले जातात, दोन ट्रकांमध्ये मोठे अंतर ठेवावे लागते, आणि भरलेला ट्रक सरोवरावर विनाकारण उभा करायचा नसतो, कारण स्थिर वजनाखाली बर्फ हळूहळू दबत राहतो. बर्फाची जाडी रडारने सतत मोजली जाते आणि त्यानुसार वजनाची मर्यादा वाढवत नेतात. पूर्ण भरलेल्या टँकरला एक मीटरहून जास्त जाडी लागते. बर्फ तडकल्याचा आवाज येतच असतो आणि त्याची सवय होते. रस्त्यावर गस्त असते, वेग मोजला जातो, आणि नियम मोडणाऱ्याला घरी पाठवले जाते. मला ही शिस्त फार आवडते. हा रस्ता वीरांचा असल्याचे चित्र टेलिव्हिजनने उभे केले आहे, ते मनातून काढून टाकावे. पंधरा-सोळा तास एकसारख्या संथ गतीने, एकसारख्या पांढऱ्या उजेडात, जागे राहून चालवत राहणे हे इथले खरे काम आहे. तेही एकाने ओढून न नेता पाळीपाळीने केले, तर चांगले होते.

उणे ३५ किंवा उणे ४० अंशांत यंत्राची वागणूक बदलते. साधे डिझेल घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकते, म्हणून हिवाळी डिझेलच भरायचे. इंजिन शक्यतो बंद करायचे नाही. पुढच्या जाळीवर कापडी आच्छादन बांधायचे, आणि हवेच्या टाक्यांमधले पाणी रोज सोडून द्यायचे, नाहीतर ते ब्रेकच्या नळ्यांत गोठते. एक गोष्ट प्रत्येक नवख्याला दाखवावी लागते. उतारावरून आल्यावर ब्रेक गरम आणि ओले असतात. तशा अवस्थेत पार्किंग ब्रेक लावून जेवायला गेलात, तर ब्रेकचे शू, म्हणजे चाकाच्या ड्रमवर आतून दाबणारे तुकडे, ड्रमला चिकटून गोठतात. निघताना ट्रक पुढे सरकतो, पण ट्रेलरचे ते एक चाक फिरतच नाही, नुसते बर्फावरून घसरत जाते, आणि बर्फ इतका गुळगुळीत असतो की स्टिअरिंगवर काहीच जाणवत नाही. पुढच्या मुक्कामावर टायरला एका जागी सपाट चट्टा पडलेला दिसतो. म्हणून थांबण्याआधी हलका ब्रेक देत तो कोरडा करायचा, आणि निघताना एकाने खाली उभे राहून प्रत्येक चाक फिरते आहे ना हे डोळ्यांनी पाहायचे. चिकटलेल्या ड्रमवर हातोड्याचे ठोके मारले की शू सुटतो. दोघे असण्याचा उपयोग असा क्षणोक्षणी होतो.

ट्रकमधल्या संसाराविषयी लोक जेवणाचे विचारतात, पण बायकांनी विचारायचा पहिला प्रश्न शौचाचा आहे. उणे ३५ मध्ये, ताफ्यात असताना, सरोवराच्या मधोमध खाली उतरणे शक्य नसते. झाकणाचे छोटे पोर्टेबल टॉयलेट ट्रकमध्ये असलेच पाहिजे, मासिक पाळीचे सामान दुप्पट ठेवावे, आणि याविषयी नवऱ्याशी संकोच न करता बोलण्याची सवय आधीच लावून घ्यावी. बंकसाठी डिझेलवर चालणारा हीटर आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. अंगावर सुती कपडा नको, कारण घामाने ओला झाला की तो गारठतो; लोकरीचे थर घालावेत. उघड्या हाताने धातूला कधीही स्पर्श करू नये. जेवणासाठी आम्ही घरून पोळ्या, उसळी आणि पिठले गोठवून नेतो आणि बारा व्होल्टच्या डब्यात गरम करतो. चालवण्याची पाळी संपल्यावर मऊ भात, मेतकूट आणि तूप इतके खाऊन आडवे झाले की झोप छान लागते. रस्त्यालगत उभारलेल्या मुक्कामाच्या छावण्यांत गरम जेवण आणि आंघोळ मिळते. ती आंघोळ चुकवू नये.

भांडणे होतात. चार फूट रुंद जागेत रुसून बसायला कोपरा नसतो. आम्ही दोन गोष्टी पाळतो. चालवणाऱ्याशी घरचा, पैशांचा किंवा मुलांच्या शाळेचा वादाचा विषय काढायचा नाही, तो दोघे खाली उतरल्यावर. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. दोघांपैकी ज्याला जास्त भीती वाटते, त्याचे ऐकायचे. वादळाची चिन्हे दिसतात, समोरचा रस्ता धूसर झाला आहे, एकाला वाटते जाऊ या आणि दुसऱ्याला वाटते थांबावे, तर थांबायचे, आणि नंतर त्यावरून टोमणा मारायचा नाही. ही मुभा नसेल, तर बंकवरचा माणूस डोळे मिटून जागाच राहतो. मग त्याच्या पाळीत तो पेंगतो.

मुले लहान असलेल्या जोडप्यांना मी हे काम सुचवत नाही. आमची मुले मोठी झाल्यावरच आम्ही उत्तरेकडे वळलो. सॅटेलाइट फोन असला तरी यलोनाइफपलीकडे रोजचे बोलणे होईलच असे नाही, आणि आजारी मुलाकडे निघायचे म्हटले तरी दीड-दोन दिवस लागतात.

हिऱ्यांच्या कामावर दीर्घकाळ विसंबू नये, हेही सांगायला हवे. स्नॅप लेक खाण २०१५ मध्येच थांबली आणि डायविकचे आयुष्य २०२६ पर्यंतचेच आखलेले होते. पण हिवाळी रस्ते केवळ खाणींचे नाहीत. मॅनिटोबा आणि ऑन्टारियोच्या उत्तरेला अनेक आदिवासी वस्त्यांना वर्षभराचे इंधन, घरबांधणीचे सामान आणि किराणा याच रस्त्यांनी पोचतो, आणि बर्फ उशिरा धरला तर त्या लोकांचे खरोखर हाल होतात. युकॉनमधील डॉसन सिटीजवळून इनुविककडे जाणारा डेम्पस्टर हायवे बारमाही आहे, मात्र त्यावरच्या दोन नद्या गोठताना आणि फुटताना तो काही आठवडे तुटतो. डेम्पस्टरवर काम केलेल्या चालकाला इतर कामे सहज मिळतात.

हिवाळ्याच्या हंगामासाठी चौकशी शरद ऋतूतच करावी, कारण जानेवारीपर्यंत जागा भरलेल्या असतात. करार करताना दोघांची नावे स्वतंत्र असावीत. काही ठिकाणी जोडीचा सगळा मोबदला नवऱ्याच्या नावावर काढण्याची पद्धत आहे, आणि घरातले पैसे शेवटी एकच, असे म्हणून आपल्या बायका ते मान्य करतात. ते मान्य करू नये. पगाराची चिठ्ठी आणि वर्षाअखेरीचा टी-४, म्हणजे पगाराचा आणि कपातीचा करासाठीचा दाखला, बायकोच्या नावे वेगळा निघाला, तरच तिच्या खात्यावर कॅनडा पेन्शन प्लॅन आणि रोजगार विमा जमा होतो. तिच्या नावावर चालवल्याचा अनुभव मात्र पगारासोबत आपोआप नोंदला जात नाही. त्याचे पत्र दर हंगामानंतर कंपनीकडून मागून घ्यावे लागते.