कॉलेजच्या लॅबसाठी एकच लॉगिन-सर्व्हर कसा उभारावा

तालुक्याच्या कॉलेजातल्या बहुतेक लॅबमध्ये भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: युजर 'स्टुडंट', पासवर्ड अमुक. तीसच्या तीस मशीनवर तेच. परभणी जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये मीही हे बरीच वर्षं चालू ठेवलं. मग सबमिशनच्या आदल्या दिवशी एका मुलीचं प्रोजेक्ट कुणीतरी पुसलं. कुणी, ते कळायला मार्गच नव्हता, कारण सगळेच 'स्टुडंट'. त्याच आठवड्यात मी सर्व्हरच्या कामाला लागलो.

विंडोजच्या लॅबला लागतो तो डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे एका गटातल्या (डोमेनमधल्या) सगळ्या मशीनची लॉगिन एका जागी तपासणारा सर्व्हर. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी) हेच काम करते. ती विंडोज 2000 सर्व्हरबरोबर आली. पण तिला सर्व्हरचा परवाना लागतो, शिवाय प्रत्येक युजर किंवा मशीनमागे वेगळा. लिनक्सवर चालणारं मोफत सांबा डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून हेच काम करतं. आपल्याकडच्या अनुदानात तेच बसतं आणि तीस-चाळीस मशीनना ते पुरतंही. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना संगणक घ्या, त्यावर उबुंटू किंवा डेबियन लिनक्स टाका. त्याला यूपीएस मात्र हवाच. लाइट गेली की मशीन धाडकन बंद होणं डेटाबेसला मानवत नाही.

आधी वही
सर्व्हरला हात लावण्याआधी वहीत तीन याद्या करा: माणसं, मशीन आणि कुणाला काय दिसावं. लॉगिनचं नाव विद्यार्थ्याच्या नावावरून ठेवू नका. एका वर्गात तीन पवार असतात. विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी) नंबर वापरा. तो बदलत नाही, दोघांना सारखा नसतो आणि लॉगिन-नावाच्या 20 अक्षरांच्या मर्यादेत बसतो. हक्क कधीही एकेका माणसाला देऊ नका, गटाला द्या: प्रथम वर्ष, द्वितीय वर्ष, तृतीय वर्ष, शिक्षक, कार्यालय. विद्यार्थी पुढच्या वर्षात गेला की फक्त गट बदलायचा.

नाव, पत्ता, वेळ
माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले, म्हणून इथे घाई करू नका.

डोमेनचं नाव नंतर बदलणं फार जिकिरीचं. कॉलेजच्या संकेतस्थळाचं जे नाव आहे त्याच्या आधी 'एडी' किंवा 'लॅब' जोडून उपनाव करा. शेवटी 'लोकल' लावू नका, ते दुसऱ्या कामासाठी राखीव आहे आणि गोंधळ घालतं. डोमेनचं दुसरं, छोटं नाव (नेटबायॉस) 15 अक्षरांच्या आत ठेवा.

सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा ठरवून द्या. नाव-पत्त्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरच्या नावापुढे हाच पत्ता हवा, 127 ने सुरू होणारा नको. उबुंटूची स्वतःची डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी) सेवा पोर्ट 53 अडवून बसते. ती बंद करा, कारण डीएनएस आता सांबा सांभाळणार आहे.

लॅबमधल्या प्रत्येक मशीनला डीएनएस म्हणून फक्त सर्व्हरचा पत्ता द्या. नेट बंद पडू नये म्हणून मी शेजारी गूगलचा 8.8.8.8 टाकला होता आणि मशीन अधूनमधून डोमेन 'सापडत नाही' म्हणायचे. बाहेरच्या डीएनएसला आपलं आतलं डोमेन कुठून माहीत असणार? बाहेरची नावं शोधायला सांबाच्या सेटिंगमध्येच फॉरवर्डर, म्हणजे पुढे विचारायचा बाहेरचा डीएनएस, द्यायचा.

वेळेचंही तसंच. लॉगिनची तिकिटं देणारी केर्बेरॉस पद्धत सर्व्हर आणि मशीनच्या घड्याळात 5 मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. जुन्या मशीनमधला सीआर 2032 सेल संपलेला असतो आणि लाइट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सेल बदला, आणि सर्व्हरवर घड्याळ जुळवत राहणारा क्रोनी प्रोग्राम बसवा.

उभारणी
सांबा, त्याचा जोडीदार विनबाइंड आणि केर्बेरॉसची साधनं इन्स्टॉल करा. सांबाची आयती आलेली सेटिंग फाइल बाजूला हलवा, नाहीतर पुढची पायरी अडते. मग सांबा-टूलची 'डोमेन प्रोव्हिजन' आज्ञा चालवा. ती डोमेन, भूमिका (डीसी), फॉरवर्डर आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारते. तयार झालेली केर्बेरॉस फाइल तिच्या जागी कॉपी करा, सांबाच्या जुन्या सुट्या सेवा बंद करून एडी-डीसी सेवा सुरू करा.

पासवर्डची मुदत आधीपासून 42 दिवसांची असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग दाराशी उभा राहतो, म्हणून सत्रभराची ठेवा. किमान लांबी 7 आहे, ती मी 10 केली.

आता विंडोजची मशीन जोडा. होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो किंवा एज्युकेशन लागते. खरेदीच्या वेळीच हे बघा. जोडल्यावर जुनं 'स्टुडंट' खातं प्रत्येक मशीनवरून काढा. ते राहिलं तर बाकीची मेहनत वाया.

रोजचं काम एका विंडोज मशीनवर आरसॅट (सर्व्हर दुरून सांभाळायची) साधनं बसवून माऊसने होतं. तृतीय वर्षाच्या खात्यांना संपण्याची तारीख तिथेच टाका. पेनड्राइव्ह बंद करणं वगैरे ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागणाऱ्या नियमांतून. बदल सगळीकडे पोचायला दीड-दोन तास धरा. मुलांच्या फायली मात्र या सर्व्हरवर ठेवू नका, त्यासाठी वेगळं मशीन आणि प्रत्येकाचं वेगळं फोल्डर.

बॅकअप आणि चाचणी
सांबा-टूलमध्येच बॅकअपची आज्ञा आहे. दर आठवड्याची प्रत दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. जमलं तर दुसरा जुना संगणक जोड-कंट्रोलर म्हणून लावा, कारण एकुलता सर्व्हर बसला की डीएनएस जातं आणि लॅबचं नेटही.

शेवटी एका शनिवारी, लॅब रिकामी असताना, सर्व्हरची नेटवर्कची वायर काढा. एखाद्या मशीनवर आधी आत गेलेल्या माणसाला तिथे तरीही जाता येतं, कारण विंडोज शेवटच्या 10 जणांची लॉगिन लक्षात ठेवतं. नवा माणूस अडतो. कोण अडलं, कुठे अडलं, ते त्याच वहीत लिहून ठेवा आणि वायर परत लावा.