शुगर आहे आणि विसरायला होतंय? आधी वही काढा

पन्नाशीतल्या माणसाला ओळखीचं नाव आठवलं नाही, की घरातले ‘वय झालं आता’ म्हणून मोकळे होतात. त्या माणसाला शुगर असेल तर एवढ्यावर सोडू नका. अमेरिकेत तेरा हजारांवर लोकांची वीस वर्षं पाहणी झाली. मध्यमवयात मधुमेह असलेल्यांच्या बुद्धीची घसरण इतरांपेक्षा १९ टक्के जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ साली आले. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात २०२१ साली दिसलं, की मधुमेह जितक्या कमी वयात जडतो तितका उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. म्हणून चाळिशीत शुगर निघालेल्याने साठीची वाट बघत बसू नये.

वाढलेली साखर डोळ्यांच्या आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवते, तशाच मेंदूच्याही. पण पुष्कळदा आधी आठवण जात नाही, वेग जातो. दोन माग एकदम सांभाळणारा माणूस एकाचा धागा तुटला की दुसऱ्याकडे बघायचं विसरतो. बिड्यांचा हिशेब तोंडी करणारी बाई बोटं मोजायला लागते. नेहमीचंच काम, पण उरकत नाही.

पंधरा दिवस एक वही ठेवा. काय विसरलं, किती वाजता, आधी काय खाल्लं, गोळी कधी घेतली, रात्री झोप कशी झाली, आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर त्या क्षणाची शुगर. उदाहरणार्थ: ‘सकाळी ११. टॉवेलचे डझन मोजताना तीनदा चुकलो. घाम, हाताला थरथर. गोळी ७ ला, नाश्ता नाही, नुसता चहा. शुगर ६२.’ असं टिपण डॉक्टरांच्या हाती पडलं तर निम्मं निदान तिथेच होतं. ‘हल्ली विसरायला होतं’ एवढं सांगून काही हाती लागत नाही.

वरच्या माणसाची आठवण गेलेली नाही, त्याची शुगर लो झाली आहे. मेंदू वजनाने शरीराचा दोन टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ वीस टक्के. ती तुटली की डोकं चालेनासं होतं. ७० च्या खाली आकडा दिसला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरलात की लगेच जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी हे घरच्यांनाही शिकवून ठेवावं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, तेव्हा एकादशी घरोघरी असणारच. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा, मनाने ठरवू नका. वरचेवर जोरात शुगर लो होणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाणही जास्त आढळलं आहे.

मग तपासण्या. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी एचबीए१सी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, बीपी. आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी मागून घ्या, कारण ती बऱ्याचदा राहून जाते. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात माणूस शाकाहारी असला तर आणखीच. ही कमतरता औषधाने भरून निघते आणि वेळेत सापडली तर विसरभोळेपणाही बराच सुधारू शकतो. मात्र मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. घोरणं आणि सततची उदासी यांनीही डोकं मंद होतं. लाज न बाळगता सांगा.

सोलापूरकरांसाठी एक वेगळी गोष्ट: कान. यंत्रमागाच्या खटखटाटात वर्षं काढलेल्या माणसाला बायको काय म्हणाली ते मुळात ऐकूच आलेलं नसतं, आणि घरात चर्चा ‘यांच्या लक्षात राहत नाही’ अशी. शिवाय मध्यमवयातला बहिरेपणा हाही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा मानला जातो. कानांची तपासणी करूनच घ्या.

डॉक्टर कागद-पेन्सिलची छोटी चाचणी घेतील: घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. बिचकू नका. सिव्हिलच्या ओपीडीत जा किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण एकटे जाऊ नका. आपण काय विसरलो हे आपल्यापेक्षा घरच्यांना जास्त माहीत असतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. ज्वारीची भाकरी चांगली, पण ‘ज्वारी आहे ना’ म्हणून मोजायची नाही असं नाही. कडक भाकरी तर बोलता बोलता किती संपली कळत नाही. उसळ, पालेभाजी वाढवा, भाकरी एकाने कमी करा. शेंगाचटणी खा, मीठ सांभाळा. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चाला, उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी सहाला, कारण नंतर ऊन उभं राहू देत नाही. तंबाखू आणि विडी सोडा. बीपी १३०/८० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना बीपीचाही तितकाच मार बसतो.

शुगर अगदी नॉर्मल आणायचीच, या ईर्षेने मात्र पेटू नका. एका मोठ्या प्रयोगात एचबीए१सी सहा टक्क्यांच्या खाली नेण्याचा खटाटोप झाला, पण त्या लोकांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सरस ठरली नाही. बहुतेकांना सातच्या आसपासचं उद्दिष्ट दिलं जातं. तुमचं किती, ते डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

एका प्रसंगात वही बाजूला ठेवायची. बोलणं अचानक बोबडं झालं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. शुगर तपासा, पण त्यापायी वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.